रोजकीर्द : लाल वहीपासून संगणकापर्यंत

व्यापाराचा इतिहास लिहिताना बंदरे, बाजारपेठा आणि धनाढ्य शेठ यांचे वर्णन होते. परंतु ज्या वहीवर हा सारा व्यवहार उभा होता, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. झालेला व्यवहार त्याच दिवशी, घडला तसा लिहून ठेवणे, ही हिशेबशास्त्राची पहिली पायरी होय. या नोंदीसाठी मराठीत ‘रोजकीर्द’ हा जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. ‘रोज’ म्हणजे दिवस आणि ‘कीर्द’ म्हणजे केलेले काम. फारसीतून आलेला हा शब्द पेशवाईच्या कारभारात रुळला आणि त्या काळच्या रोजकीर्दी पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही जतन केलेल्या आहेत. महाराष्ट्रातील वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांतही इंग्रजी ‘जर्नल’साठी ‘रोजकीर्द’ हाच शब्द रूढ आहे. वही गेली आणि संगणक आला, तरी ज्याला रोजकीर्द म्हणतात ते काम मात्र बदललेले नाही.

देशी पद्धतीची वही लांबट असून लाल कापडाने मढवलेली असे. तिच्या पानांवर छापील रेघा नसत. कागदाला घड्या घालून ‘सळ’ पाडले जात आणि त्या सळांनीच रकाने ठरत. डाव्या अंगाला ‘जमा’ आणि उजव्या अंगाला ‘नावे’ अशी मांडणी होती. पाश्चात्त्य पद्धतीत नावे बाजू डावीकडे असते. म्हणजे दोन्ही पद्धतींत बाजूंची अदलाबदल आहे. दिवसभराच्या घाईत लिहिलेल्या कच्च्या टिपणावरून रोजमेळ लिहिला जाई आणि रोजमेळावरून प्रत्येक आसामीच्या खात्यात खतावणी होई. पसंतीसाठी दिलेल्या मालाची जाकड वही वेगळी असे. मराठी पेढ्यांवर हे लिखाण बहुधा मोडीत, तर मारवाडी पेढ्यांवर मुडिया लिपीत होत असे. सायंकाळी गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांचा मेळ बसला, म्हणजे दिवाणजींचा दिवस संपे.

या पद्धतीचे खरे बळ तिच्या शिवणीत होते. पाने शिवलेली असल्याने एखादे पान काढले तर ते दिसून येई. शाईने लिहिलेला आकडा खरवडला तर कागदच साक्ष देई. चूक झाली, तर ती खोडून नव्हे, तर उलट नोंद करून दुरुस्त करावी, हा दंडक होता. त्यामुळे चूकही वहीत राही आणि तिची दुरुस्तीही राही.

जैन परंपरेत या दंडकाला केवळ व्यावसायिक शिस्तीचे नव्हे, तर व्रताचे अधिष्ठान लाभले आहे. आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्र’ या उभय संप्रदायांना मान्य असलेल्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख तयार करणे, आणि ‘न्यासापहार’ म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे, यांचा समावेश आहे. पुढे अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या मापांचाही उल्लेख येतो. खोटे माप आणि खोटा लेख या दोहोंची नोंद घेणारी ही परंपरा व्यापारी जीवनाला किती जवळून ओळखत होती, हे यावरून दिसते.

हिशेबाचे हे महत्त्व जैन साहित्यातही उमटले आहे. जौनपूर येथे १५८६ साली जन्मलेले कवी बनारसीदास हे व्यवसायाने व्यापारी होते. त्यांनी १६४१ मध्ये लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात खरेदी-विक्री, भागीदारी, नफा-तोटा आणि रखडलेले हिशेब यांचे मोकळेपणाने वर्णन आढळते. दीपावलीस, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणदिनाच्या पर्वात, नव्या वहीचे पूजन करण्याची प्रथा याच भावनेतून टिकली. श्वेतांबर व्यापारी घराण्यांत वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी आणि अभयकुमारांची बुद्धी लाभो, असे लिहिण्याचा परिपाठ आहे.

इकडे ही पद्धत नांदत असताना युरोपात द्विनोंदी पद्धतीचा पहिला छापील परिचय १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झाला. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने आपल्या गणितग्रंथातील एका भागात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची रीत समजावून सांगितली. ती पद्धत त्याने शोधली नव्हती. ती आधीपासून वापरात होती. त्याने तीन वह्या सांगितल्या : कच्चे टिपण, रोजकीर्द आणि खतावणी. आपल्या पेढ्यांवरील क्रमाशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, म्हणून जितकी रक्कम नावे तितकीच जमा, हे या पद्धतीचे सूत्र होय.

ब्रिटिश अमदानीत संयुक्त भांडवली कंपन्या आल्या आणि त्यांच्यासोबत इंग्रजी धाटणीची पुस्तके आली. पेढ्यांवरील लाल वह्या त्यानंतरही दीर्घकाळ टिकल्या. प्राप्तिकरासाठी आकारणी वर्ष १९८९-९० पासून सर्वांना ३१ मार्च अखेरचे एकच हिशेबी वर्ष लागू झाले आणि दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवण्याची रीत मागे पडली. वहीपूजन राहिले, हिशेबाचे वर्ष मात्र चैत्राच्या आसपास सरकले.

याच सुमारास संगणकाने पेढीवर पाऊल ठेवले. बंगळूर येथील व्यावसायिक श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवण्यास सोयीची संगणकप्रणाली मिळेना. तेव्हा त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी ती तयार केली. १९८६ मध्ये आरंभ झालेल्या या उद्योगातून पुढे ‘टॅली’ हे नाव देशभरातील दुकानांत पोहोचले. भरत गोयंका यांना २०२० साली ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

टॅलीमध्ये प्रत्येक प्रकारच्या व्यवहारासाठी स्वतंत्र व्हाउचर असते. एफ-५ कळ दाबली की रक्कम देण्याची नोंद, एफ-६ ने रक्कम आल्याची, एफ-८ ने विक्रीची आणि एफ-९ ने खरेदीची. रोख रक्कम वा बँक यांच्याशी थेट संबंध नसलेल्या नोंदींसाठी एफ-७, म्हणजे जर्नल. उदाहरणार्थ, दुकानासाठी १२,००० रुपयांचे कपाट उधारीवर घेतले, तर फर्निचर खाते १२,००० रुपयांनी नावे आणि पुरवठादाराचे खाते तितक्याच रकमेने जमा होते. वर्षअखेरीचा घसाराही येथेच लिहिला जातो. खाली स्पष्टीकरण लिहून नोंद स्वीकारली, की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद क्षणार्धात तयार होतात. जे काम करण्यात दिवाणजींच्या रात्री जात, ते आता यंत्र करते.

मात्र या सोयीबरोबर एक गोष्ट हरवली. संगणकात शिवण नव्हती. मागील तारखेची नोंद उघडून आकडा बदलला, तरी पडद्यावर त्याचा मागमूस उरत नसे. बदलांचा माग ठेवण्याची सोय काही प्रणालींत होती, पण ती वापरणे ऐच्छिक होते. शिवाय नावे आणि जमा समान असल्या की यंत्राचे समाधान होते. नोंद खरी आहे की खोटी, हे ते विचारत नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी ताळेबंदातील सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक फुगवलेली असल्याची कबुली दिली, तेव्हा देश हादरला. संगणकक्षेत्रातील अग्रगण्य कंपनीतच कूटलेख घडला होता.

अखेर कायद्याने ती हरवलेली शिवण परत आणली. १ एप्रिल २०२३ पासून, हिशेबासाठी संगणकप्रणाली वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला, नोंदींतील प्रत्येक बदल तारखेसह आपोआप टिपणारी आणि बंद करता न येणारी व्यवस्था असलेलीच प्रणाली वापरणे बंधनकारक झाले. चूक राहावी आणि दुरुस्तीही राहावी, हा लाल वहीचा जुना दंडक नव्या रूपात पुन्हा आला.

हा नियम कंपन्यांसाठी आहे. परंतु त्यामागील तत्त्व सार्वजनिक न्यासांनाही तितकेच लागू पडते. महाराष्ट्रातील न्यासांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमान्वये नियमित हिशेब ठेवणे आणि त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे आवश्यक आहे. समजा, एका दात्याने कायम निधीसाठी ५१,००० रुपये दिले आणि घाईत ती रक्कम सर्वसाधारण देणगी खात्यात जमा झाली. दोन्ही बाजू जुळतील, तेरीज बिनचूक दिसेल. पण जो निधी अक्षय राहावा अशी दात्याची इच्छा होती, तो वर्षभरात खर्ची पडेल. हेतू वाईट नसला, तरी ठेवीचे रक्षण झाले नाही, ही वस्तुस्थिती राहतेच.

म्हणून पावतीवर दात्याचा हेतू स्पष्ट लिहावा, व्यवहाराची नोंद त्याच दिवशी करावी, स्पष्टीकरणाचा रकाना रिकामा सोडू नये, प्रणालीतील बदलांचा माग चालू ठेवावा आणि प्रत्येक नोंदणाऱ्याचा परवलीचा शब्द वेगळा असावा. विश्वस्तांनी महिन्यातून एकदा तरी पावतीपुस्तक, बँकेचे उतारे आणि संगणकातील नोंदी समोरासमोर ठेवून पाहाव्यात. विश्वस्त बदलतात, दिवाणजी बदलतात, यंत्रेही बदलतात. दोन पिढ्यांनंतर कोणी हे हिशेब उघडले, तर दात्याने काय दिले आणि कशासाठी दिले, हे त्याला कोणालाही न विचारता कळले पाहिजे. रोजकीर्दीचे प्रयोजन एवढेच आहे, आणि ते मोठे आहे.