सोळा आणे जमीन: वणी परिसरातल्या मातीच्या प्रतबंदीची गोष्ट

आजचा विषय माती. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्याने मातीवर बोलावं, याची काहींना गंमत वाटेल. पण 'कस' हा शब्द आम्हाला फार वर्षांपासून छळतो आहे. सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर दिसतो. मातीचा कशावर दिसतो? आणि तो मातीत असतो, की तिला जो प्रश्न विचारला जातो त्या प्रश्नात असतो?

काही वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात वणीच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत, एका परिचित शेतकऱ्याकडे आमचं जाणं झालं. दोन वावरं होती, एक वरचं, एक खालचं. दोन्हीत मका. वरचा कंबरेपेक्षा उंच, हिरवागार. खालचा पिवळा पडलेला, गुडघ्याएवढा. ते म्हणाले, "सर, कार्डात नत्र कमी लिहिलंय. युरिया सांगितला तेवढा दिला, वर थोडा जास्तच दिला. तरी हा असा." घरात गेल्यावर त्यांनी दोन कागद आमच्यापुढे ठेवले. एक मृद आरोग्य पत्रिका. दुसरी भूमी अभिलेख कार्यालयातून काढलेल्या जुन्या प्रतिबुकाची नक्कल. वाटणीच्या कामासाठी काढली होती, प्रतीसाठी नव्हे. त्या नकलेवर शेताच्या आकृतीत बारीक आकडे होते आणि एका कोपऱ्यात एक लहानसं वर्तुळ. त्या वर्तुळाकडे आपल्याला शेवटी यायचं आहे.

वणीची जमीन कागदावर येण्याला बाराशे वर्षं होऊन गेली. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा नवव्या शतकाच्या सुरुवातीचा ताम्रपट वणी-दिंडोरीचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात नासिक देशातल्या एका गावाचं दान आहे. गावाच्या चारी बाजूंना काय आहे, ते नीट लिहिलेलं आहे. अशा दानपत्रांना जमीन कुठे संपते हे सांगायचं असतं. ती किती खोल आहे, काळी की बरड, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. गावाला ते ठाऊकच असायचं म्हणा. पाटलाला, जुन्या कुणब्याला प्रत्येक वावराचा स्वभाव पाठ असे, आणि पेशवाईतही सारा ठरवताना याच माहितीवर विसंबावं लागे.

ही माहिती गावाच्या तोंडून काढून सरकारच्या वहीत आणण्याचा मोठा उद्योग कंपनी सरकारने केला, आणि त्याची सुरुवात एका तत्त्वज्ञानाने झाली. हे ऐकून आमच्यासारख्याला बरं वाटावं की वाईट, कळत नाही. पुणे जिल्ह्यात १८२० च्या दशकात आर. के. प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी होता. हेलीबरीच्या कॉलेजात तो माल्थसच्या हाताखाली शिकला होता. तिकडे लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीत जेम्स मिल बसला होता. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त तेव्हा ताजा होता. त्याचा मथितार्थ असा, की खंड म्हणजे जमिनीच्या अंगच्या, कधी न सरणाऱ्या शक्तीचा मोबदला. तेव्हा प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढा, त्यातून बैल, बियाणं, मजुरी असा सगळा खर्च वजा करा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा. प्रिंगलने तो हिस्सा शेकडा ५५ धरला.

कागदावर याला तोड नव्हती. पण निव्वळ उत्पन्न काढायचं कसं? कोणत्या सालचं? कुणाच्या वावरातलं? कुणब्याच्या घरच्या माणसांची मजुरी किती धरायची? आकडे भरले कारकुनांनी, आणि ते कसे भरले असतील याची कल्पना आपण करू शकतो. सारा जड झाला, शेतं ओस पडली.

मग १८३५-३६ मध्ये इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे कामाला लागले. आमच्या मते यांचं मोठेपण एका माघारीत आहे. जमीन 'किती' पिकवते हे मोजायचा नाद त्यांनी सोडला. ही जमीन त्या जमिनीपेक्षा किती चांगली, एवढंच विचारलं. निरपेक्ष मूल्य गेलं, सापेक्ष आलं. सर्वांत चांगली जमीन सोळा आणे धरली आणि बाकीच्या तिच्या खाली उतरवल्या: चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन, दोन. अशा नऊ प्रती. एकूण सारा किती, हा प्रश्न वेगळा ठेवला. तो हवामान, बाजाराची जवळीक आणि मागचा वसूल पाहून गावांच्या गटागटाने ठरे.

प्रत लावायची कशी, ते जरा तपशिलाने सांगतो, कारण यात हुशारी आहे. शेताचे भाग पाडायचे. प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातात मोजायची. हात म्हणजे दीड फूट. बारीक, एकजीव काळी माती पावणेदोन हात खोल असेल, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, तर ती सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात असेल तर बारा. मातीचा दर्जा उतरला की तेवढ्याच खोलीला आणे कमी. त्यानंतर दोष बघायचे, आणि प्रत्येक दोषाला एक खूण होती: चुनखडीचे खडे, वाळू, उतार, माती धरून न राहणं, पाणी न मुरणं, पुराचं पाणी वरून वाहून जाणं आणि उपळ, म्हणजे झऱ्यांमुळे जमीन पाणथळ राहणं. उपळाची खूण होती वर्तुळ. एका दोषाला एक प्रत खाली. सव्वा हात खोल काळी जमीन बारा आण्यांची, पण ती उताराची आणि वाळूमिश्रित निघाली तर दोन पायऱ्या उतरून आठ आण्यांवर आली. प्रतबंदीच्या कारकुनाने लिहिलेलं खरं मानायचं नाही म्हणून वरचा अधिकारी काही शेतं पुन्हा खणून ताडून पाही.

मोजणीची साखळीही ३३ फुटांची आणि तिचेही सोळा आणे. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट म्हणजे आपला गुंठा. आज वणीच्या बाजारात बसून जो गुंठ्याचा भाव सांगतो तो विंगेटच्याच साखळीने बोलतो, हे त्याच्या गावीही नसतं.

१८४० च्या दशकात ही मंडळी नाशिक भागातल्या तालुक्यांत आली. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी या सगळ्या रीतीचा संयुक्त अहवाल लिहिला. जिथे भात होतं तिथे मात्र काळ्या जिरायतीचा तक्ता पुरत नव्हता. भाताला मातीच्या जोडीला पाणी किती टिकतं ते बघावं लागलं. सातबाऱ्यावर आजही जिरायत, बागायत, तरी, वरकस असे रकाने दिसतात. तरी म्हणजे भाताची, वरकस म्हणजे डोंगरउताराची. तलाठ्याकडे उतारा घ्यायला गेलात तर एकदा ते रकाने सावकाश वाचा.

आता एक योगायोग पाहा. १८४० मध्येच जर्मनीत लीबिगचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक निघालं. पीक मातीतून खनिजं उचलतं, ती परत घातली नाहीत तर जमीन रिती होते, हे त्याचं म्हणणं. म्हणजे आपल्याकडे कारकून जमिनीची न सरणारी बाजू, म्हणजे खोली आणि उतार, वहीत मांडत होते, आणि तिकडे एक रसायनशास्त्रज्ञ तिची सरणारी बाजू दाखवत होता. या दोन वह्या पुढे एकमेकींना फारशा भेटल्याच नाहीत. पहिली महसूल खात्याकडे राहिली, दुसरी कृषी खात्याकडे गेली.

दुसऱ्या वहीचं आजचं रूप म्हणजे फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेली मृद आरोग्य पत्रिका. तिच्यात बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. मक्यासारख्या खादाड पिकाला हे कळणं फार गरजेचं आहे. पण योजनेची आखणी अशी, की बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना, तोही वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरांचा. सह्याद्रीच्या पायथ्याला दहा हेक्टरांत माळही येतो, मळाही येतो आणि पाणथळही येते. खाली मुरूम किती हातांवर आहे, पाणी कुठे साचतं, हे पत्रिका विचारत नाही. नमुना वाळवून, चाळून प्रयोगशाळेत जातो. भाताचं खाचर तर पाण्याखाली असतं, आणि पाण्याखाली मातीचं रसायनच बदलतं. लोह आणि स्फुरद जास्त मोकळं होतं, आम्लपणा सौम्य होतो, जस्ताची मात्र ओढ लागते. वाळलेल्या नमुन्यातून हे सगळं दिसत नाही.

आता ते वर्तुळ. आम्ही त्यांना विचारलं, खालच्या वावरात आधी काय होतं? ते म्हणाले, "आज्याच्या वेळी भात. बांध होते. मक्याला भाव आला म्हणून आम्ही बांध फोडून सपाट केलं." म्हणजे प्रतिबुकात जो उपळाचा दोष म्हणून एक प्रत उतरवली होती, तोच आज्याने गुण म्हणून वापरला होता. पाणी न मुरणं, पाणी साचणं ही ज्वारी-मक्याची अडचण; भाताची ती भाकरीच. मक्याची मुळं पाण्यात गुदमरतात आणि वरून टाकलेला युरिया साचलेल्या पाण्यात वायू होऊन उडून जातो. पत्रिका खोटी नव्हती, युरियाही खोटा नव्हता. 'नत्र कमी आहे का' हा प्रश्न बरोबर होता. 'कोणत्या पिकासाठी, कोणत्या पाण्यात' हा त्याचा उरलेला अर्धा भाग कुणी विचारला नव्हता.

आम्ही पहार मागितली. खालच्या वावरात हातभरही खणलं नाही तोच खड्ड्यात पाणी उतरू लागलं. वरच्या वावरात दीड हात काळी माती लागली, मग मुरूम. प्रतिबुकाच्या नकलेत त्या जागी दोनचा आकडा होता, म्हणजे दुसरी प्रत, चौदा आणे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो कारकून नीट खणून गेला होता. त्या गृहस्थांनी नक्कल पुन्हा घडी करून पत्रिकेच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. पुढच्या आषाढात त्यांचा फोन आला, खालच्या वावराला पुन्हा बांध घातले होते आणि आवणी चालू होती.