जोहार ते जय भीम : बोलण्यातल्या मानाचा इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की विहार कसा उभा राहिला, कोणी विटा दिल्या, कोणी सिमेंट दिलं, हे लिहायची रीत आहे. ते इतरांनी लिहिलं आहेच. आम्ही वेगळा विषय घेतला, त्याला कारण घडलं.

मागे एका रविवारी वंदना झाल्यावर पोरं ओट्यावर बसली होती. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा आपल्यातलाच एक मुलगा सहज बोलून गेला, "मामा, कंपनीत असताना घरून फोन आला, तर मी मशीनपाशी 'जय भीम' म्हणत नाही. 'हॅलो' म्हणतो आणि बाहेर जातो." त्याला कोणी रागावलं नाही. उलट सगळे गप्प झाले. कारण बसलेल्यांपैकी जवळपास प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी तेच केलेलं होतं. कोणी रेल्वेत, कोणी साखर कारखान्यात, कोणी कचेरीत. म्हणून आम्हाला वाटलं, हा जो दोन अक्षरी 'जय' आणि दोन अक्षरी 'भीम' आहे, तो आपल्या तोंडात कुठून आला, त्यासाठी काय मोजावं लागलं, हे पोरांना एकदा सांगितलं पाहिजे.

नमस्काराचा शब्द ही किरकोळ गोष्ट आहे असं आज वाटतं. पण आपल्या याच पुणे प्रांतात त्यावरून सरकारी हुकूम निघालेले आहेत. पेशवाईत सोनार समाजातले लोक 'नमस्कार' म्हणू लागले, निऱ्यांचं धोतर नेसू लागले, म्हणून ब्राह्मणांनी तक्रारी केल्या. ते लोण मुंबईपर्यंत गेलं, आणि ऑगस्ट १७७९ मध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने तिथल्या सोनारांच्या प्रमुखाला लेखी कळवलं की तुमच्या जातीने 'नमस्कार' हा शब्द वापरायचा नाही. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात या हुकुमाचा दाखला दिला आहे. जिथे सोन्याचे दागिने घडवणाऱ्या माणसाला साधा नमस्कार करायची बंदी होती, तिथे गावकुसाबाहेरच्या माणसाची काय कथा?

त्याच्या वाट्याला आला जोहार. जुनी माणसं सांगायची, गावात बरोबरीचे लोक एकमेकांना रामराम घालत. महाराने मात्र वाकून 'जोहार' म्हणायचं, आणि तेही लांबून. संत चोखामेळ्यांच्या आणि एकनाथांच्या रचनांमध्ये हा जोहार आलेला आहे, म्हणजे तो किती जुना असेल याचा अंदाज करावा. जोहार हा नुसता शब्द नव्हता. त्याच्यामागे वतन होतं. येसकराची पाळी, चावडीवर हजेरी, सरकारी माणसाचा बोजा वाहणं, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री दुसऱ्या गावाला जाणं, आणि त्याबदल्यात बलुतं नि शिळी भाकर. जो माणूस दिवस उगवल्यापासून हुकमाचा ताबेदार आहे, त्याच्या तोंडी ताबेदाराचाच शब्द असणार. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. ते वतन प्रत्यक्षात जायला १९५८ चा कायदा यावा लागला. जोहार मात्र त्याच्या आधीच जाऊ लागला होता, कारण लोकांनीच तो टाकून दिला.

त्याच्या जागी 'जय भीम' आला. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय नागपूरजवळच्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांच्याकडे जातं. त्यांचा जन्म १९०४ चा. त्यांनी रात्रीच्या शाळा चालवल्या, विडी कामगारांची संघटना बांधली, आणि १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून मध्य प्रांताच्या विधिमंडळावर ते निवडून आले. असं सांगतात की मुसलमान बांधव एकमेकांना भेटले की 'सलाम आलेकुम' आणि 'वालेकुम सलाम' म्हणतात, त्यात लहानमोठा कोणी राहत नाही, हे त्यांनी पाहिलं. आपल्यालाही असा एक शब्द हवा, या विचारातून 'जय भीम' पुढे आला. १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिशीत त्यांचं निधन झालं. पण शब्द राहिला. आमच्या पोरांनी एवढं ध्यानात धरावं, की ज्या माणसाने 'जय भीम' घरोघर नेला तो विडी वळणाऱ्या कामगारांमध्ये काम करणारा होता. कामाच्या जागेवर तो शब्द उपरा नाही. तो तिथलाच आहे.

१९३८ साल या बाबतीत फार महत्त्वाचं. त्या वर्षी जानेवारीत मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आलं. त्यात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला होता. नाशिकचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी त्याला विरोध केला. आम्ही देवाची माणसं, तर बाकीचे काय राक्षसांची, असा त्यांचा रोकडा सवाल होता. बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला काय म्हणायचं ते निदान आम्हाला विचारून ठरवा. बहुमताच्या जोरावर दुरुस्ती फेटाळली गेली, तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांना घेऊन सभागृहाबाहेर पडले. पुढे ४४ वर्षांनी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, केंद्र सरकारनेच पत्र काढलं की जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नये. बाबासाहेबांची दृष्टी किती लांबची होती ते यावरून कळतं.

त्याच १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच सांगितलं. दौंड हे त्याच जी.आय.पी.चं जंक्शन, आणि आपल्या पाटसच्या स्टेशनवरून जाते ती त्याच कंपनीने टाकलेली लाईन. म्हणून त्या भाषणातला एक मुद्दा आम्हाला घरचा वाटतो. बाबासाहेब म्हणाले, आपला माणूस गँगमन म्हणून घेतात, पण पोर्टर म्हणून घेत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागतात, आणि मास्तरच्या घरात विटाळ चालत नाही. म्हणजे नोकरी सरकारी, पगार कंपनीचा, आणि नियम मात्र कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा! धर्म कामाच्या जागेवर असा मागच्या दाराने येतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. १९५१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत बौद्ध होते अवघे २,४८७. १९६१ साली ते झाले २७,८९,५०१. जगाच्या इतिहासात असं क्वचितच घडलं असेल. पण या आकड्यामागचं दुखणं फार जणांना ठाऊक नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात असं होतं की हिंदू धर्म सोडला की अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या. पण केंद्राच्या नोकरीत, म्हणजे रेल्वेत, पोस्टात, बौद्धांना त्या मिळण्यासाठी १९९० ची कायदादुरुस्ती यावी लागली.

तोवर काय व्हायचं? घरात तथागतांचा फोटो, तोंडात त्रिशरण, आणि नोकरीच्या फॉर्मवर 'हिंदू' लिहायचं. लिहिलं नाही तर पोराची नोकरी जाते. लिहिलं तर नागपूरला हात वर करून घेतलेली प्रतिज्ञा टोचते. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात ही टोचणी घरोघर होती. अशा बापांना पुढच्या पिढीने नावं ठेवू नयेत. त्यांनी कागदावर एक शब्द गिळला, म्हणून आज आपण उघड 'बौद्ध' लिहू शकतो.

आता संविधानाकडे येऊ. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा झाली. ह. वि. कामत यांनी सुचवलं की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी. काही सभासद स्वतः श्रद्धाळू असूनही म्हणाले की ही सक्ती होईल. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. सूचना पडली, आणि 'आम्ही भारताचे लोक' तसंच राहिलं. मंत्री असो, आमदार असो, न्यायाधीश असो, त्याने 'ईश्वरसाक्ष शपथ' घ्यावी किंवा 'गांभीर्यपूर्वक' दृढकथन करावं, दोन्ही वाटा तिसऱ्या अनुसूचीत खुल्या ठेवल्या आहेत. कोर्टात साक्ष द्यायला उभं राहिलं तरी हीच मोकळीक आहे.

ही मोकळीक नुसती पुस्तकात नाही. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतले इंग्रजीचे शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. शिस्तभंग म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ साली न्यायालयाने निकाल दिला की प्रार्थनेत हात जोडायची सक्ती शिक्षकावर करता येत नाही. अनुदानित शाळेत कोणावर उपासनेची सक्ती नको, असं कलम २८ सांगतं, त्याचाच हा आधार. एका माणसाने हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही, कोणाच्या देवाला वाईट बोलला नाही, फक्त कायद्याने जे त्याचं आहे ते मागितलं. आम्हाला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचा शब्द कसा असावा, याचंही उदाहरण आहे. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पहिल्या बिल्ल्यावर आपल्या शेजारच्या कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ होता. बऱ्याच पलटणींच्या युद्धघोषणेत देवादिकांची नावं आहेत. महार रेजिमेंटची घोषणा आहे 'बोलो हिंदुस्थान की जय'. त्यात कोणाचा देव राहिला नाही, कोणाचा आलाही नाही.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, आता कसली अडचण? अडचण संपलेली नाही. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन मोबाईलवर वाजली, त्यावरून वाद झाला आणि आपल्या एका तरुण मुलाचा जीव गेला. म्हणून ओट्यावरचा तो मुलगा फोन घेऊन बाहेर जातो, तेव्हा त्याला भित्रा म्हणायची आमची तयारी नाही. दुसरीकडे, डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की वस्त्यांना, रस्त्यांना असलेली जातींची नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यावीत. सरकार पाटी बदलू शकतं. जीभ बदलायला मात्र शेजाऱ्यानेच मनावर घ्यावं लागतं.

आता थोडं आपल्या घरातलं. राग नसावा, पण बोललं पाहिजे. ज्यांना शब्दांनी इतकी वर्षं टोचलं, त्यांनी दुसऱ्याला शब्दांनी टोचावं का? कामाच्या जागी दसऱ्याला मशीनची पूजा असते, कुठे सत्यनारायण असतो. आपण हात जोडू नयेत, वर्गणी द्यायची नसेल तर "मी यात नाही, पण तुमचं चालू द्या" एवढं सांगावं. तिथे उभं राहून शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणं हे धम्मात बसत नाही. बावीस प्रतिज्ञा आपण स्वतः पाळण्यासाठी घेतल्या, दुसऱ्याच्या डोक्यात मारण्यासाठी घेतल्या नाहीत. आणि मातंग, चर्मकार, पारधी बांधवांबद्दल बोलताना आपल्याही तोंडून जुने जातीचे शब्द निघतात. तेव्हा कुठे जातो आपला जय भीम?

भगवंतांनी सांगितलेली सम्यक वाचा आपण जाणतोच. बोलणं वेळेवर असावं, खरं असावं, मृदू असावं, हिताचं असावं आणि मैत्रीच्या मनाने केलेलं असावं. भगवंतांनी आणखी एक गोष्ट भिक्खूंना सांगितली. एकाच भांड्याला कुठे 'पाति' म्हणतात, कुठे 'पत्त', कुठे 'सराव'. आपलाच शब्द खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट धरू नये. ज्या मुलखात जावं तिथला शब्द वापरावा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण आजच्या कंपनीला आणि कचेरीलाही लागू आहे. कोणी रामराम म्हणाला तर त्याला आदराने उत्तर द्यावं. कोणी सलाम म्हणाला तर सलाम घ्यावा. आणि आपला शब्द आपण सरळ मानेने म्हणावा. त्यात आव्हान नको आणि ओशाळलेपणही नको.

त्या मुलाला आम्ही त्या दिवशी एवढंच सांगितलं. बाळा, तुझ्या पणजोबाला जोहार म्हणावा लागला, तो त्याने निवडलेला नव्हता. तुझ्या आजोबाला फॉर्मवर हिंदू लिहावं लागलं, तेही त्याने खुशीने लिहिलं नाही. 'जय भीम' हा आपल्या माणसांनी स्वतः निवडलेला पहिला शब्द आहे. तो कधी, कुठे म्हणायचा हे तूच ठरव. पण भीतीने ठरवू नकोस. आणि एकटं वाटलं तर विहारात येऊन सांग, आम्ही सोबत येऊ.

पुढच्या रविवारी वंदनेला तो आला. दारातच चप्पल काढता काढता म्हणाला, "जय भीम, मामा." कंपनीत काय झालं ते आम्ही विचारलं नाही. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल.

वर्धापनदिनाच्या सर्व उपासक-उपासिकांना मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!