तळटीप १७ : ‘एमपीथ्री’
१७. मैंदर्गीच्या बाजारात मेमरी कार्डात ‘भरून’ घेतलेली जी मराठी-कानडी भजने लेखकाने वर सांगितली, ती याच फॉरमॅटमधली. हा फॉरमॅट मोकळा नव्हता. त्याची पेटंटे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि इतर काहींकडे होती. ऐकणाऱ्याला त्याची झळ लागली नाही, कारण शुल्क यंत्र किंवा प्रोग्राम बनवणाऱ्याकडून घेत. अडले ते मुक्त सॉफ्टवेअरचे. ज्या प्रोग्रामच्या प्रती कोणीही काढाव्या, कोणालाही वाटाव्या, त्याचे नगामागचे शुल्क भरायचे कोणी? म्हणून फेडोरा लिनक्सच्या मूळ संचात २०१६ पर्यंत एमपीथ्री वाजतच नसे. ऑग व्हॉर्बिस हा पेटंटमुक्त पर्याय २००२ पासून तयार होता. पण कार्ड भरून देणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये जे वाजेल तेच द्यावे लागे, त्याचे काय चुकले? सॉफ्टवेअरच्या पेटंटांबाबत भारतापुरते सांगायचे, तर आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. २००४ अखेरच्या वटहुकुमाने हे दार किलकिले केले होते. २००५ मध्ये संसदेने ते पुन्हा लावले. एमपीथ्रीची परवाना-योजना २३ एप्रिल २०१७ रोजी संपली. लेखकाची नोंद त्याआधीची आहे. – संपादक