सहा तारा, सात स्वर

आमचे केम हे कुंकवाचे गाव. डबीवर कारखान्याचे नाव असते, कुंकू चाळणाऱ्या हाताचे नसते. चित्रपटसंगीताचा इतिहासही असाच लिहिला गेला. रेकॉर्डवर गायक-संगीतकारांची नावे आली. मागे गिटार कोणी धरली, हे सहसा छापले गेले नाही.

आपल्या रागसंगीतात स्वरामागून स्वर येतो. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकदम वाजतात. त्या मेळाला कॉर्ड म्हणतात. पंचमापासून एकाआड एक शुद्ध स्वर, म्हणजे प, नि, रे, म घेतले की ‘डॉमिनंट सेव्हन्थ’ होते. तीत नि वर सा कडे ओढतो, म खाली ग कडे. ते तिथे पोचले की कानाला विसावा मिळतो. याच मेळावर ध चढविला की नाइन्थ, मग सा चढविला की इलेव्हन्थ, शेवटी ग चढविला की थर्टीन्थ. सातही स्वर एका मेळात आले!

पण गिटारला तारा सहा आणि दाबायला बोटे चार. मग वगळायचे कोणाला? पांढरी १ हा सा धरा. सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार तिसऱ्या पडद्यावर (प), चौथी तिसऱ्या (म), तिसरी चौथ्या (नि), दुसरी पाचव्या (ग) पडद्यावर दाबा. उरलेल्या दोन मुक्या ठेवा. झाली थर्टीन्थ. रे, ध, सा गळाले तरी चालले. नि आणि म गळाले तर मात्र मेळाचा प्राणच गेला.

ही विद्या चित्रपटात आणली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. तेथील चर्चच्या शाळांत मुले स्वरलिपी शिकत. पुढे पोटासाठी मुंबईच्या हॉटेलांतील जाझ बँडांत आणि तेथून स्टुडिओत येत. १९५१ च्या ‘अलबेला’च्या वेळी पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा लिहीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे ते नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात आले. नाव घरोघर झाले. माणूस कोण, हे थोड्यांनाच ठाऊक!

कोणता स्वर वगळावा याचा नियम संगीताने पारखून ठरविला. कोणते नाव वगळावे हे मात्र कोणी पारखले नाही. या मेळातले नि आणि म हे वादकच होते, असे आम्ही म्हणतो.