ट्रायपॉड घरी कसा राहिला?

कॅमेरा हलला की फोटो धूसर येतो. मग तो हलू नये म्हणून काय काय करावं लागलं?

१८६६ साली सॅम्युएल बोर्न फोटो काढायला हिमालयात गेला तेव्हा त्याच्यासोबत सुमारे ८० हमाल होते. त्या काळी काचेवर जागेवरच रसायनाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच फोटो काढून धुवायचा. त्यामुळे काचा, बाटल्या, अंधारा तंबू असं सगळं पाठीवर. शिवाय भिंगावरचं झाकण कित्येक सेकंद उघडं ठेवायचं. इतका वेळ कुणाचा हात स्थिर राहणार? ट्रायपॉड हवाच.

जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाकला दम्याचा त्रास होता, जड कॅमेरा झेपत नसे. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून छोटा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो ‘लायका’ नावाने बाजारात आला. गंमत म्हणजे हलका कॅमेरा हातात जास्तच थरथरतो, कारण त्याचं जडत्व कमी! पण फिल्म आता चपळ झाली होती. लख्ख उन्हात पडदा १/५०० सेकंदच उघडला, तर तेवढ्यात हात हलून हलून किती हलणार?

उजेड कमी झाला की मात्र ही सोय संपते. मग कॅमेऱ्याच्या तळाच्या स्क्रूला दोरी बांधायची, दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणायची. आम्ही कॅमेऱ्यावर लेझर पॉइंटर चिकटवून भिंतीवरचा ठिपका पाहिला. त्याचं वर-खाली नाचणं कमी झालं, आडवं फारसं नाही. दोरीची दोन टोकं दोन पायांखाली दाबली तर? वर्गात करून पाहा.