तुळशी वृंदावनापासून निळ्या ड्रमपर्यंत

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



बोईसरच्या कुठल्याही इमारतीखाली उभं राहून वर पाहिलंत, तर एक गोष्ट हमखास दिसते. खिडकीच्या जाळीत, बाल्कनीच्या कठड्यावर, गच्चीच्या कडेला काहीतरी हिरवं असतंच. कुठे पुदिना, कुठे मिरचीची दोन झाडं, कुठे कढीपत्ता. एखादा कारल्याचा वेल दोरीवरून थेट तिसऱ्या मजल्यावर पोचलेला असतो. त्या झाडांचं आपण कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. पण आज मला झाडांपेक्षा ती ज्यात लावलेली असतात त्या भांड्यांविषयी बोलायचं आहे. रंगाचा डबा, तेलाचा डबा, फुटकी बादली, मासळीची थर्माकोलची पेटी आणि मधोमध कापलेला निळा ड्रम. पालघर, बोईसर, तारापूर या आपल्या पट्ट्याचा इतिहास या भांड्यांत भरून ठेवलेला आहे, असं मला वाटतं.

पूर्वी इथे भांड्यांची गरजच नव्हती. केळवे, माहीम, शिरगाव, चिंचणी या किनाऱ्याच्या गावांत घराला लागून वाडी असायची. वाडवळ या नावातच वाडी आहे. नारळ, पोफळी, केळी आणि त्यांच्या सावलीत पानवेल, अशी ती रचना. केळवे-माहीमचं खायचं पान रेल्वेनं दूरवर उत्तरेकडे जायचं. पण वाडीतली घरापुरती भाजी ही बाजाराची गोष्ट नव्हती. न्हाणीचं सांडपाणी जिथे वाहायचं तिथे अळू आणि केळ. विहिरीच्या थारोळ्याशी पातीचा चहा. मांडवावर दोडका, पडवळ, घेवडा. जंगलपट्टीतल्या वारली पाड्यांवर तर पावसाळा लागला की काकडीचे, दुधीचे, शिराळ्याचे वेल सरळ झोपडीच्या छपरावर चढत. भाजी लावणं हा छंद नव्हता. चूल पेटवण्यासारखंच ते घरातलं एक काम होतं, आणि बहुतेक ठिकाणी ते बायकांच्या हातात होतं.

त्या काळात घरात एकच कुंडी असे, ती म्हणजे तुळशी वृंदावन. मापातली माती, पाणी जायला जागा, रोजचा तांब्याभर पाण्याचा नेम आणि सकाळचं ऊन. कुंडीत झाड जगवण्याचे सगळे नियम त्या वृंदावनात आहेत. आपण त्याकडे धर्म म्हणून पाहिलं, शेती म्हणून पाहिलं नाही, एवढंच.

आणि आज आपल्या कुंडीत जिचा पहिला मान, ती मिरची? ती मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडातलं हे झाड पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानात आलं. पोर्तुगीज या किनाऱ्यावर दोनशे वर्षांच्या घरात होते. तारापूरचा किल्ला त्यांच्या हातून मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये घेतला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज गेले, मिरची राहिली. आज वाणगाव परिसराची ओळखच मिरचीवर आहे. म्हणजे परकं झाड आपलं करून घेण्याची रीत या मातीत जुनी आहे.

भांडी आली ती टंचाईबरोबर. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. ‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा त्याच काळातली. तिकडे इंग्लंड-अमेरिकेत लोक घराभोवतीची हिरवळ खणून बटाटे आणि कोबी लावत होते. आपल्याकडे चाळीत राहणाऱ्याला खणायला हिरवळ कुठली? त्याच्याकडे होता घासलेटचा चौकोनी डबा आणि १९३७ पासून बाजारात आलेला, नारळासारख्या झाडाचं चित्र असलेला डालड्याचा पिवळा डबा. डबा रिकामा झाला की त्याला खिळ्यानं भोकं पाडायची आणि कोथिंबीर टाकायची. डालड्याचा डबा हा या देशातल्या असंख्य घरांतला पहिला मळा होता, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे १९६५. युद्ध आणि अन्नटंचाई एकदमच आली. लालबहादूर शास्त्रींनी दिल्लीतल्या आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवला. आपल्याकडे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी, महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं पुण्यात जाहीरपणे सांगितलं. नेमक्या याच वर्षांत तारापूरला देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राचं काम चालू होतं. १९६९ साली ते सुरू झालं. त्यामागोमाग बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आली, वसाहती झाल्या, चाळी झाल्या, दहा बाय बाराच्या खोल्या झाल्या. खानदेशातून आलेल्याला वांग्याची आठवण, उत्तरेतून आलेल्याला पुदिन्याची, केरळातून आलेल्याला कढीपत्त्याची. परसू कोणाकडेच नव्हतं. तेव्हा ज्याला जे भांडं मिळालं त्यात त्यानं आपलं गाव लावलं.

इथल्या मूळच्या माणसांचीही गोष्ट सांगायला हवी. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. २००५ आणि २००६ मध्ये ते संच सुरू झाले. गावकरी नव्या वसाहतीत गेले आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोचला. नुकसानभरपाईच्या कागदावर जमीन असते, घर असतं, फळझाडं मोजलेली असतात. पण न्हाणीमागचं अळू, मांडवावरचा घेवडा आणि दारची शेवग्याची शेंग यांचा भाव कोण लावणार? रोज फुकट मिळणारी भाजी एके दिवशी पैसे देऊन आणावी लागते, तेव्हा घरातल्या बाईला विस्थापन म्हणजे काय ते कळतं.

आता निळ्या ड्रमकडे येतो, कारण हे भाषण मुळात त्या ड्रममुळे सुचलं.

काही वर्षांपूर्वी मी गच्चीवर भाजी लावायचं मनावर घेतलं. भंगारवाल्याकडून दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला आणि मधोमध कापून घेतला. स्वस्त, मजबूत, उन्हापावसाला न डरणारा. मेथी टाकली. चार दिवसांत उगवली. मी खूश. आठव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि दहाव्या दिवशी सगळी मेथी आडवी झाली. ड्रम धुण्याच्या सोड्यानं घासला, माती बदलली, पुन्हा मेथी टाकली. पुन्हा तेच. माझी आत्या तेव्हा माहीमहून आली होती. जन्म वाडीत गेलेला. तिनं झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. भर दुपारी, ऊन तापलेलं असताना, ड्रमच्या कडेला नाक लावलं आणि विचारलं, “अरे, ह्यात आधी काय होतं?”

मला माहीत नव्हतं. भंगारवाल्याला विचारलं तर म्हणाला, “साबणाचं पाणी होतं, साहेब.” ड्रमवरचं लेबल अर्धं फाटलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावरची अक्षरं पुसलेली. आत्या म्हणाली, “आम्ही विहिरीचं पाणीसुद्धा कुठून येतं ते बघून वाफ्याला सोडत होतो. तू कोणाचं उष्टं भांडं आणलंस ते तुला ठाऊक नाही?”

मंडळी, हा प्रश्न साधा नाही. या ड्रमचं प्लास्टिक काही रसायनं स्वतःत शोषून घेतं आणि नंतर, विशेषतः उन्हानं तापल्यावर, थोडी थोडी बाहेर सोडतं. वरून कितीही घासलं तरी आत मुरलेलं जात नाही. म्हणूनच घातक रसायनांनी माखलेले रिकामे पिंप आणि डबे हे २०१६ च्या केंद्रीय नियमांत घातक कचरा म्हणून धरलेले आहेत. ते परवानाधारकाकडेच जायला हवेत, रस्त्यावरच्या भंगारात नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण मूल्यांकनात देशात सर्वांत वर होती, हेही आपण विसरू नये. अशा गावात ड्रमचा पूर्वेतिहास विचारणं म्हणजे संशयीपणा नव्हे, ती व्यवहारबुद्धी आहे.

यातली एक गंमत पाहा. अणुवीज केंद्राच्या परिसरातली भाजी, दूध, मासळी यांचे नमुने तिथली पर्यावरण प्रयोगशाळा वर्षानुवर्षं तपासत आली आहे. किरणोत्साराची भीती मोठी, म्हणून तिच्यावर पहारा बसला. पण गच्चीवरच्या ड्रममधल्या पालकाची तपासणी कोण करतं? कोणी नाही. तिथे पहारेकरी आपणच. आणि पालक, मेथी, लाल माठ अशा पालेभाज्या मातीतले जड धातू फळभाज्यांपेक्षा अधिक ओढून घेतात. म्हणजे आपण सर्वांत आधी जे लावतो, त्याचीच काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी.

मग कुंडीत भाजी लावूच नये का? तसं मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रात याचं उत्तम शास्त्र उभं राहिलेलं आहे. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी कोल्हापूरकडे ‘प्रयोग परिवार’ उभा केला. सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा हेच खरं भांडवल आहे, हे त्यांनी सामान्य माणसाला प्रयोग करून शिकवलं. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक अनेकांनी वाचलं असेल. मुंबईत वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं आणि खत वापरून पिशव्यांत नि पिंपांत भाज्या घेतल्या. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली.

या साऱ्यांचं सूत्र एकच. भांड्यात माती कमी, कुजलेला पालापाचोळा जास्त. त्याला कारणही आहे. एक लिटर ओली माती दीड किलोहून जास्त भरते. अर्धा ड्रम मातीनं भरला तर दीडशे किलोचं ओझं स्लॅबवर येतं. पाचोळा हलका, पाणी धरून ठेवणारा आणि फुकट. तळाला भोकं, वर पाचोळ्याचं पांघरूण, रोज पाच-सहा तास ऊन, एवढं जमलं की मिरची, वांगी, टोमॅटो, आलं, पुदिना हे सगळं घरात येतं.

शेवटी एक गोष्ट. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे भाजीची बाग हा जिवाचा प्रश्न आहे. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. ज्या पाड्यांच्या छपरांवर वेल चढत, तिथेच मुलांच्या ताटात भाजी उरली नव्हती. २०२० साली ‘उमेद’ अभियानानं राज्यभर पोषण परसबागांची मोहीम घेतली. हा शोध नवा नव्हे, हरवलेली वस्तू परत आणणं आहे.

माझ्या गच्चीवर आता ड्रम नाही. सातपाटीहून आलेल्या मासळीच्या दोन पेट्या आहेत. त्यांत काय होतं ते मला ठाऊक आहे, पहिले आठ दिवस शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं! तीत मेथी येते. आत्या आता नाही. पण नवं भांडं घरात आलं की मी दुपारच्या उन्हात त्याच्या कडेला नाक लावतो आणि तिचाच प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा. बी नंतर टाकलं तरी चालेल.