टाक्यांच्या कोंदणातली काच

जळगावच्या मेहरूणहून जामनेरकडे निघालं की बंजारा तांड्यांचा मुलूख लागतो. तिथल्या जुन्या बायांच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आणि फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, पट्ट्यांवर काचा चमकतात. डोळे दिपतात ते काचेने, पण खरी करामत आहे ती काच धरून ठेवण्यात.

काचेतून सुई जात नाही. म्हणून बाई काच कापडावर ठेवते, तिच्यावरून उभे-आडवे दोरे ताणून चौकट करते आणि मग कडेकडेने टाके घालत प्रत्येक टाका त्या चौकटीत अडकवत जाते. दोरे कडेला खेचले जातात, मधली काच मोकळी होते. गोंदाचा थेंबही लागत नाही. सराफ खड्याला सोन्याचं कोंदण करतो, तसं हे दोऱ्याचं कोंदण.

काच धरून ठेवण्याचा हाच प्रश्न प्राचीन इजिप्तच्या कारागिरांनी सोन्याने सोडवला होता. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या करून खण करायचे आणि त्यांत रंगीत खडे, काचा बसवायच्या. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतानखामुनची कबर सापडली. त्या राजाच्या सुवर्णमुखवट्यावर शिरोवस्त्राचे निळे पट्टे आहेत, ते काचेचे. ही काही गरिबाची नक्कल नव्हे. निळा राजावर्त खडा थेट अफगाणिस्तानातून यायचा, आणि त्याच्या रंगाची काच राजे एकमेकांकडून मागवत. तुतानखामुनच्याच शतकात तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, उलुबुरुनपाशी बुडालेल्या जहाजात कच्च्या काचेच्या सुमारे १७५ लाद्या मिळाल्या.

तिथून तांड्यापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही, आणि ओढूही नये. आपल्याकडच्या भरतकामाच्या काचांसाठी नाव घ्यावं लागतं ते गुजरातमधल्या कपडवंजचं. तिथे काचेचा मोठा गोळा फुंकतात, आतून चकाकीचा थर देतात, मग गोळा फोडून त्याच्या तुकड्यांच्या टिकल्या कापतात. हे भरतकाम करणारे बंजारा तर बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारे. आगगाडीने त्यांचा धंदा बुडवला, पुढे १८७१च्या कायद्याने अनेक जमातींप्रमाणे त्यांच्याही कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. पण सुई-दोरा आणि मूठभर काचा कुठल्याही मुक्कामी नेता येत होत्या. हे काम टिकलं ते बायांच्या हातांत.

आता बाजारात कडेला दोरा गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या तयार टिकल्या मिळतात. चौकटीचा टाका घालावाच लागत नाही. शिवाय त्या सपाट असतात, त्यामुळे एकदम उजळतात आणि एकदम विझतात. फुंकलेल्या गोळ्याच्या काचेला किंचित बाक असतो. त्यामुळे घागरा हलला, की प्रत्येक काच आपल्या वेळेला लखलखते.